मुंबईच्या जुन्या कॉलेजांतील विद्यार्थिजीवन व नगर जिल्ह्यांतील साधनें

१

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना संशोधकाची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते. सनद, महजर, निवाडपत्र, ताकीदपत्र, यांपैकीं कांहीं हातीं लागलें म्हणजे श्रमाचें सार्थक झालें असें त्यास वाटतें. आणि त्याच रुमालांत बांधलेली एखादी इंग्रजी बांधणीची वही, बीजगणिताचीं उदाहरणें, तर्कशास्त्राचीं टिपणें, मुंबईहून वडिलांस लिहिलेलें खर्चाचें पत्र, हें सारें ‘अर्वाचीन’ म्हणून बाजूस पडतें. शिक्क्याचा कागद संग्रहांत जातो व विद्यार्थ्याची वही रद्दींत जाते. ही निवड कोणी विचारपूर्वक केलेली नाहीं. ती संवयीनें होत आली आहे. तीमुळें आपल्या प्रांताच्या इतिहासाचें एक मोठें प्रकरण साधनांवांचून राहण्याचा प्रसंग आला आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें प्रकरण म्हणजे एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कॉलेजांत शिकलेल्या तरुणांच्या जीवनाचें होय. मुंबई हें समुद्रकांठचें जुनें बंदर, नगर हा घाटमाथ्यापलीकडचा कोरडा मुलूख. दोहोंचा या विषयांत संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध निकटचा आहे, आणि त्याचे पुरावे दोन्ही ठिकाणीं विखुरलेले आहेत.

नांवाविषयीं एक खुलासा अवश्य आहे. १४९० सालीं मलिक अहमद निजामशहानें वसविलेल्या या शहराचें व त्यावरून जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं सरकारनें अहिल्यानगर असें केलें. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकर यांचें जन्मस्थान, त्यास अनुसरून हें नामांतर झालें. परंतु ज्या कागदांचा आम्ही विचार करीत आहों, ते सर्व जुन्या नांवाचे आहेत. म्हणून येथें सोयीसाठीं नुसतें ‘नगर’ म्हटलें आहे.

२

कोणत्या प्रांताचा विद्यार्थी कोठें शिकावयास गेला, हें पुष्कळ अंशीं वाटेनें ठरविलें. मुंबईच्या पहिल्या पिढींतील नामांकित विद्यार्थ्यांची यादी पाहिली, तर तींत कोंकणचीं व गोमंतकाचीं नांवें फार आढळतात. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, भाऊ दाजी गोमंतकांतील मांद्र्याचे, केरो लक्ष्मण छत्रे कुलाबा प्रांतांतील नागांवचे. बुद्धि कोंकणांतच होती असा याचा अर्थ नव्हे. कोंकणच्या मुलास पावसाळा सोडून इतर दिवसांत गलबत मिळत असे. सामान डोक्यावर वाहावें लागत नसे आणि घाट चढावा-उतरावा लागत नसे.

देशावरच्या मुलाची गोष्ट निराळी होती. नगराहून पुणें सुमारें पाऊणशें मैल, आणि पुण्याहून मुंबई सुमारें सव्वाशें मैल. दुसरी वाट टाकळी ढोकेश्वर, आणे, ओतूर यांवरून माळशेज घाट उतरून कल्याणास जाणारी. ती जवळची, पण अवघड. दररोज बारा-चौदा मैल चाललें, तरी पुण्यावरून मुंबई गांठावयास पंधरवडा लागे. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालच्या नोव्हेंबरांत खुला झाला, तेव्हां वाट सुधारली, पण अंतर कमी झालें नाहीं. १८५८ सालीं पुणें ते खंडाळा आगगाडी सुरू झाली. घाटांतील लोहमार्ग पुरा होऊन १८६३ सालीं पुणें-मुंबई सलग जोडलीं गेलीं. त्यामुळें नगरच्या विद्यार्थ्यास बैलगाडीचा प्रवास पुण्यापर्यंतच उरला. पुढें १८७८ सालीं धोंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून गेला, आणि पंधरवड्याची वाट एका दिवसरात्रीवर आली.

या तारखा विद्यार्थ्यांच्या याद्यांशेजारीं ठेवून वाचल्या पाहिजेत. पुण्यास १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत हिंदु कॉलेज सुरू झालें होतें. त्याचेंच पुढें १८५१ सालीं पूना कॉलेज व १८६४ सालीं डेक्कन कॉलेज झालें. तेव्हां नगरचा विद्यार्थी वाटेंतच पुण्यास थांबे, हें स्वाभाविक होतें. परंतु ज्यास वैद्यक शिकावयाचें, त्यास १८४५ सालीं उघडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजाकडे, आणि ज्यास कायदा शिकावयाचा, त्यास १८५५ पासून सुरू झालेल्या सरकारी लॉ स्कूलाकडे, म्हणजे मुंबईसच जावें लागे. शिवाय १८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर पदवी कोठल्याही कॉलेजांत मिळविली, तरी प्रमाणपत्रावर मुद्रा मुंबईची असे. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन होईपर्यंत नगर जिल्ह्यांतील प्रत्येक पदवीधर, मग तो समुद्र न पाहिलेला कां असेना, या अर्थानें मुंबईचाच विद्यार्थी होता.

३

ज्या कॉलेजाभोंवतीं हा सर्व इतिहास फिरतो, त्याचें नांवच नगरच्या इतिहासाशीं जोडलेलें आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा दक्षिणेचा कमिशनर झाला. त्यानें जिंकलेल्या मुलुखाची जी विभागणी केली, तींत नगर हा एक मुख्य विभाग होता व तेथें हेन्री पॉटिंजर हा कलेक्टर नेमला होता. पेशव्यांकडून घेतलेल्या प्रदेशाविषयींचा एल्फिन्स्टनचा १८१९ चा अहवाल आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. हाच गृहस्थ पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला, व १८२७ सालीं तो निघाला तेव्हां त्याच्या स्मरणार्थ लोकांनीं दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमवून इंग्रजी विद्या शिकविणारे प्रोफेसर आणविण्याचें ठरविलें. प्रोफेसर ऑर्लिबार व प्रोफेसर हार्कनेस हे १८३५ सालीं येऊन पोहोंचले. त्यांच्या जोडीस देशी अध्यापक म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांची नेमणूक झाली. १८४० सालीं हे वर्ग नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेशीं एक झाले. १८५६ सालीं कॉलेज व हायस्कूल हीं वेगळीं झालीं. आणि १८६२ सालीं विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे उत्तीर्ण झाले.

इमारतींचा इतिहासही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीच्या साहाय्यानें भायखळ्यास बांधलेल्या इमारतींत कॉलेज १८७१ सालीं गेलें. तेथून तें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस, आज काळा घोडा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भागांतील इमारतींत आलें, आणि अद्यापि तेथेंच आहे. २०१९ पासून तें डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचें घटक झालें आहे. याच इमारतींत सरकारी दप्तरखानाही आहे. एका छपराखालीं एकीकडे राज्याचें दप्तर व दुसरीकडे विद्यार्थी, असा हा योग! परंतु दप्तरखान्यांत सरकारचे कागद आहेत. विद्यार्थ्यांचे कागद त्यांच्या त्यांच्या घरीं गेले, आणि ते शोधावयाचे तर आपल्याला गांवोगांव गेलें पाहिजे.

४

आतां या विद्यार्थ्यांचा दिनक्रम कसा होता, तें पाहूं. आरंभीं कॉलेजास जोडून राहण्याची सोय नव्हती. परगांवचा मुलगा नातलगाच्या, जातभाईच्या किंवा ओळखीच्या गृहस्थाच्या बिऱ्हाडीं राही. बाळशास्त्री पोंभुर्ल्याहून आले ते बापू छत्रे यांच्या आश्रयास राहिले. ही व्यवस्था जुन्या गुरुगृहवासाहून फार निराळी नव्हती. फरक इतकाच कीं, पूर्वीं अन्न व विद्या एकाच घरीं मिळत. आतां अन्न गिरगांवांत व विद्या कोटाच्या बाजूस, अशी वांटणी झाली.

पैशाची बाजू शिष्यवृत्त्यांवर चाले. गव्हर्नर क्लेअर व न्यायाधीश वेस्ट यांच्या नांवांच्या शिष्यवृत्त्या जुन्या एल्फिन्स्टन विद्यालयांत होत्या. दादाभाई नवरोजी हे क्लेअर शिष्यवृत्तीचे मानकरी. विद्यापीठ सुरू झाल्यावर दक्षिणा फेलोंची योजना आली. रानडे यांस ज्युनियर फेलो असतां दरमहा साठ व सीनियर फेलो असतां एकशें वीस रुपये मिळत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. घरीं पैसे मागण्याऐवजीं घरीं पैसे पाठविणारा विद्यार्थी, हा प्रकार येथूनच सुरू झाला. म्हणून अशा पत्रांतील आंकडे ताडून पाहिले पाहिजेत. कुटुंबाची सत्ता वडिलांकडून मुलाकडे कधीं सरकली, हें मनीऑर्डरीच्या पावत्यांवरून कळतें, सनदांवरून कळत नाहीं.

अभ्यासाचा भार जबर असे. रानडे यांचे डोळे विद्यार्थिदशेंतच अतिवाचनानें बिघडले व १८६४ सालीं कित्येक महिने त्यांस डोळ्यांवर पट्टी बांधून राहावें लागलें. अशा स्थितींतही मित्रांकडून वाचून घेऊन अभ्यास करण्याची जी रीत पडली, तींत वेदपाठशाळेंतील श्रवण व पाठांतर यांचा संस्कार स्पष्ट दिसतो.

वर्गाबाहेरचें जीवन त्याहून महत्त्वाचें आहे. १८४८ सालीं विद्यार्थ्यांनीं व नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें एक साहित्य व शास्त्र मंडळी स्थापिली. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा झाल्या. मराठी शाखेचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांजकडे होतें. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक निघूं लागलें. १८४९ सालीं याच तरुणांनीं मुलींच्या शाळा काढल्या व सकाळच्या वेळीं स्वतः विनावेतन शिकविलें. ज्यांस स्वतःचें बिऱ्हाड नीट नव्हतें, ते पहांटे उठून दुसऱ्यांच्या मुलींस अक्षरें शिकवीत होते! हें कार्य सरकारी हुकुमानें झालें नाहीं. त्यामुळें त्याचे कागद सरकारी दप्तरांत शोधण्यांत अर्थ नाहीं. सभांच्या नोंदवह्या, वर्गणीच्या याद्या व खाजगी पत्रें हींच त्याचीं खरीं साधनें.

५

इंग्रजी कॉलेजानें जुन्या विद्येचा धागा तोडला, असें एक मत प्रचलित आहे. संस्कृताच्या अभ्यासकांत तें विशेष ऐकूं येतें. आमच्या समजुतीप्रमाणें हें मत पुराव्यास धरून नाहीं.

प्रथम पैशाचें उदाहरण घ्यावें. श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची पेशव्यांची चाल होती. राज्य बदललें तरी एल्फिन्स्टननें ती एकदम मोडली नाहीं. पुढें त्या रकमेचा भाग हिंदु कॉलेजाकडे, भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे, व भाग कॉलेजांतील फेलोंकडे वळला. म्हणजे रानडे व भांडारकर यांचें दूध व दिव्याचें तेल ज्या निधीवर चाललें, तो निधि पेशव्यांच्या रमण्यांतला होता. पात्र बदललें, प्रवाह तोच.

दुसरें उदाहरण नगर जिल्ह्यास अधिक जवळचें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें नेवासें येथें सांगितली गेली. पैसाचा खांब आजही तेथें दाखवितात. साडेपांचशें वर्षें हा ग्रंथ हस्तलिखितांतून चालत आला. तो १८४५ सालीं शिळाछापावर प्रथम छापून काढला, तो एल्फिन्स्टन विद्यालयाच्या अध्यापकानें, बाळशास्त्र्यांनीं. पुढच्याच वर्षीं बाळशास्त्री निवर्तले. जो पुरुष विद्यार्थ्यांस गणित व ज्योतिष शिकवीत होता, तोच प्रवरेकांठच्या पोथीस छापखान्याची वाट दाखवीत होता. मग धागा तुटला तो कोठें?

तिसरें उदाहरण दादोबा पांडुरंग यांचें. १८१४ सालीं मुंबईंत जन्मलेला, तेथेंच शिकलेला व शिकविलेला हा पुरुष १८३६ सालीं मराठीचें व्याकरण लिहितो, आणि १८६५ सालीं मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका छापतो. या दोहोंच्या मधला त्यांचा काळ आमच्या जिल्ह्यांत गेला. १८५२ सालीं दादोबा नगरास डेप्युटी कलेक्टर म्हणून आले. सत्तावन सालच्या धामधुमींत भिल्लांचा उठाव मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारनें त्यांस रावबहादूर केलें. भिल्लांच्या बाजूनें या कामगिरीचें मोल काय, हा प्रश्न स्वतंत्र विचारास योग्य आहे. व्याकरणकार हा बंदोबस्ताचाही अधिकारी होता, एवढें विसरतां कामा नये.

चौथें उदाहरण केरो लक्ष्मण छत्रे यांचें. केरूनाना कुलाबा वेधशाळेंत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखालीं कोंवळ्या वयांत लागले, आणि तेथें त्यांनीं वेध घेण्याची व आंकडे ठेवण्याची शिस्त उचलली. हेच केरूनाना कांहीं काळ नगरच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हें पुस्तक १८६० सालीं निघालें. भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’वर जसे आम्ही व आमचे विद्यार्थी संस्कृत शिकलों, तसे नगरचे त्या काळचे विद्यार्थी केरूनानांच्या हाताखालीं गणित शिकले. म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, नगरचा विद्यार्थी मुंबईच्या कॉलेजांत जाण्यापूर्वींच मुंबईचें कॉलेज नगरास आलें होतें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं तर या कॉलेजाचें ऋण विशेष मानलें पाहिजे. ग्यॉर्ग ब्यूलर हे १८६३ सालीं मुंबईस आले ते एल्फिन्स्टन कॉलेजांत प्राच्य भाषांचे प्रोफेसर म्हणून. मुंबई इलाख्यांत सरकारी खर्चानें संस्कृत हस्तलिखितांचा जो शोध पुढें चालला, तो ब्यूलर, कीलहॉर्न व भांडारकर यांच्या हातून. त्यांनीं जमविलेला संग्रह १९१७ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेंत आज सुरक्षित आहे. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या १८५१ च्या पहिल्या तुकडींतील वैद्य. त्यांनीं लेणीं व शिलालेख यांच्या शोधांत आयुष्य वेंचलें. नाडी पाहणारा हातच शिलालेखाचे ठसे घेऊं लागला.

६

परंतु हें विद्यार्थिजीवन केवळ अध्ययनाचें होतें असें नाहीं. राज्य गमावलेल्या लोकांचे हे मुलगे होते, आणि राज्य घेणाऱ्यांच्या शाळेंत शिकत होते. या पेंचाचे पडसाद लवकरच उमटले. १८४१ सालीं ‘बॉम्बे गॅझेट’ या पत्रांत ‘एक हिंदु’ अशा सहीनें इंग्रजी राज्याच्या अर्थकारणावर कडक टीका करणारीं पत्रें आलीं. तीं दादोबांचे धाकटे बंधु भास्कर पांडुरंग यांचीं. एल्फिन्स्टन विद्यालयाचें शिक्षण त्यांच्या हाडींमांसीं मुरलेलें होतें.

रानडे यांच्याविषयींची हकीकत अधिक प्रसिद्ध आहे. कॉलेजांत असतां त्यांनीं मराठ्यांचें राज्य व इंग्रजांचें राज्य यांची तुलना करणारा निबंध लिहिला व कौल मराठ्यांस दिला. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांचे मोठे चाहते. तरीही जें सरकार तुम्हांस शिकवितें त्याची निंदा करणें शोभत नाहीं, अशा अर्थानें त्यांनीं कानउघाडणी केली, आणि सहा महिने शिष्यवृत्ति बंद ठेविली, असें चरित्रकार लिहितात. ‘राइज ऑफ दि मराठा पॉवर’ हा ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचें बीज कोणी शोधूं लागला, तर त्यास त्या निबंधापाशीं जावें लागतें. आणि निबंध मात्र केवळ दुसऱ्यांच्या सांगण्यांतून आपणांस ठाऊक. ज्या वहीवर एका राज्यकर्त्या विद्वानानें शिक्षा फर्माविली, ती वही आपल्या शास्त्राच्या दृष्टीनें एखाद्या तहनाम्याहून कमी मोलाची मानावी काय?

पुण्याकडे पाहिलें तरी हेंच. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली, ती डेक्कन कॉलेजांत विद्यार्थी असतां, १८६७ च्या सुमारास. मराठ्यांच्या इतिहासाची साधनें आपणच जमविलीं पाहिजेत, हा विचार त्या टीकेनें रुजविला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं तर ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या नांवानें आपल्या विद्यार्थिदशेवर स्वतंत्र निबंध लिहिला. दप्तरांसाठीं महाराष्ट्रभर पायपीट करणाऱ्या पुरुषास स्वतःच्या शाळेचा इतिहास लिहिण्याजोगा वाटला, यांतला बोध आपण घ्यावयास हवा. आपलें संशोधन ज्या मुळांतून निघालें, तें मूळ विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आहे.

७

या जीवनाची दुसरी बाजू न सांगतां पुढें जाणें इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्यास दक्षिणेचा, जातीच्या बिऱ्हाडाचा, खाणावळीच्या पंगतीचा आधार होता, त्याचें विद्यार्थिजीवन आपण पाहिलें. ज्यास यांपैकीं कांहींच नव्हतें, त्याचें काय? भीमराव रामजी आंबेडकर हे १९०७ सालीं मॅट्रिक होऊन एल्फिन्स्टन कॉलेजांत गेले. सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस दरमहा पंचवीस रुपयांची मदत दिली, व प्रोफेसर मुल्लर यांनीं पुस्तकें व कपडे देऊन साह्य केलें. परंतु कॉलेजांतील उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा तर नाहींच, पाणीही देत नसे, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनीं नमूद केलें आहे. ज्या संस्थेंतून मुलींच्या शाळा निघाल्या, समतेचीं व्याख्यानें झालीं, तेथेंच पन्नास-साठ वर्षांनंतर एका विद्यार्थ्यास तहान घरीं न्यावी लागे. अधिकृत वार्षिक अहवालांत अशा गोष्टींस जागा नसते. त्या विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनांतूनच कळतात. आणि ज्यांच्या घरीं दप्तर ठेवावयास कोनाडाही नव्हता, त्यांचे कागद तर सर्वांत आधीं नाहींसे होतात.

नगर जिल्ह्यांतील एका विद्यार्थ्याचा मार्ग येथें नमुन्यादाखल देतों. पांडुरंग महादेव बापट, पुढें सेनापति बापट म्हणून गाजलेले, यांचा जन्म १८८० सालीं पारनेर येथें झाला. पुण्यास शिकत असतां प्लेगमुळें शिक्षणांत खंड पडला. पुढें नगराहून ते मॅट्रिक झाले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. मग डेक्कन कॉलेज. आणि १९०४ सालीं मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ति घेऊन एडिंबरो. जगन्नाथ शंकरशेट व मंगळदास नथुभाई हे दोघेही मुंबईचे धनिक. बंदरावरच्या व्यापाराचा पैसा पारनेरच्या संस्कृतज्ञ मुलास समुद्रापार नेतो, आणि तो मुलगा तेथून क्रांतीची दीक्षा घेऊन परततो: या शतकाचा सारा व्यवहार एका चरित्रांत दिसतो. नगर शहरांत कला व शास्त्र यांचें कॉलेज निघालें तें १९४७ सालीं, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्या प्रयत्नानें. तोंपर्यंत प्रत्येक पिढींतील होतकरू मुलास गांव सोडणें प्राप्तच होतें. म्हणूनच घरीं पत्रें आलीं, आणि म्हणूनच तीं आजही कोठें कोठें असलीं पाहिजेत.

८

शेवटीं साधनांविषयीं. छापील साधनें पुढीलप्रमाणें: बोर्ड ऑफ एज्युकेशनचे वार्षिक अहवाल, ज्यांत परीक्षांचे प्रश्नही छापलेले आढळतात; विद्यापीठाचीं कॅलेंडरें, ज्यांत उत्तीर्णांच्या याद्या आहेत; अ. का. प्रियोळकर यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेलें दादोबांचें चरित्र व आत्मचरित्र. बाबा पदमनजी यांचें ‘अरुणोदय’. आणि दिनशा वाच्छा यांच्या मुंबईविषयींच्या इंग्रजी आठवणी. हीं सर्व उपयुक्त आहेत, पण आठवणी उतारवयांत लिहिलेल्या असतात व अहवाल वरिष्ठांसाठीं लिहिलेले असतात. विद्यार्थ्यानें त्या दिवशीं, त्या दिव्याशीं बसून लिहिलेला कागद तो खाजगी वहींतच.

अशी वही हातीं आल्यास काय पाहावें? प्रथम कागद: जुन्नरी वा दौलताबादी हातकागद असेल तर तो बोरूनें लिहिलेला असण्याचा संभव, विलायती कागद असेल तर उजेडापुढें धरून पाणछाप पाहावी, तींत कारखान्याचें नांव व कित्येकदां साल असतें. परंतु पाणछापेचें साल हें कागदाचें, लेखनाचें नव्हे, लेखन त्यानंतरचें. दुसरें लेखणी: बोरूची जाड-बारीक रेघ व पोलादी टोंकाची रेघ डोळ्यांस वेगळी कळते. तिसरें लिपि: एकाच वहींत इंग्रजी टिपण, बाळबोध श्लोक व मोडींतील खर्च अशीं तिन्हीं असलीं, तर तीं वेगळीं करूं नयेत, त्यांचें एकत्र असणें हाच पुरावा. चौथें मिति: घरच्या पत्रांत शक व तिथि, कॉलेजाच्या टिपणांत इसवी तारीख, असा दुहेरी हिशेब असतो. शकांत अठ्ठ्याहत्तर मिळवितांना पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या मितींस बहुधा एकूणऐंशी मिळवावे लागतात, हें संग्राहकांस सांगावयास नको; पण विद्यार्थ्याच्या पत्रांत वार्षिक परीक्षेचे महिने याच संधींत येतात, म्हणून येथें चूक अधिक संभवते. पांचवें म्हणजे समासांतील मजकूर: मित्राचें नांव, खानावळीचें देणें, सभेची वेळ. मुख्य मजकूर छापील पुस्तकांतून उतरलेला असेल. समास मात्र त्याचा स्वतःचा.

नगर, पारनेर, संगमनेर, नेवासें, शेवगांव, पाथर्डी येथील जुने वाडे झपाट्यानें पडत आहेत. वाडा पडतांना तुळया विकल्या जातात, कोरीव खांब विकले जातात, सनदा मुलगे वांटून घेतात. वह्या वजनावर जातात. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि मोडींतील घरगुती पत्र वाचून त्यांतील इंग्रजी पुस्तकाचें नांव ओळखणारे त्याहून थोडे. म्हणून आमची वाचकांस विनंति इतकीच आहे, कीं रुमाल सोडतांना विद्यार्थ्याची वही बाजूस काढूं नये. ती ज्या रुमालांत सांपडली त्याची व घराण्याची नोंद करावी, तिच्या पानांचीं छायाचित्रें घ्यावींत, आणि वाचन प्रसिद्ध करावें. १८३८ सालापासून चालत आलेलें नगरचें जिल्हा वाचनालय, तेथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या कपाटांत शिक्क्याच्या कागदाशेजारीं या वह्यांस जागा मिळाली, तर ज्या तरुणांनीं आपल्यासाठीं शिलालेख वाचले, पोथ्या जमविल्या व पहिले प्रश्न विचारले, त्यांचा स्वतःचा इतिहास लिहितां येईल. त्यांनीं दुसऱ्यांच्या कागदांची जी कदर केली, तेवढी त्यांच्या कागदांची आपण करणें हें रास्तच आहे.